गुडघे टेकलेला कॅप्टन

आमच्या जेवणघरात मतदानाची घंटा होती. पार्लमेंटात मतदानाची वेळ झाली की ती भिंतीवर कोकलायची, आणि माझा भाऊ एव्हरार्ड हातातला घास टाकून, मी दाराशी धरलेली हॅट चढवून धावत सुटायचा. पार्लमेंट गल्लीच्या टोकालाच. तरी पोचायला उशीर झाला, तर मंत्र्याच्याही तोंडावर दार बंद व्हायचं. लग्न त्यानं केलं नाही, मीही नाही. "घर तू चालव, देश मी चालवतो," असं तो म्हणायचा. त्यातल्या त्यात घर बरं चाललं होतं.

तो कादंबऱ्याही लिहायचा, त्या दोन घंटांच्या मधल्या वेळात. चहाच्या वेळी ताजं पान मला वाचून दाखवायचा, आणि नायिका तोंड उघडणार एवढ्यात नेमकी घंटा.

"अरे, ती काय म्हणाली ते तरी सांगून जा!"

"आधी कोळशावरचा कर, मग प्रेम!" तो जिन्यावरून ओरडायचा.

त्या घंटेचा मला भारी राग यायचा. किती सुखाचे दिवस होते ते!

मग निवडणुकीत तो पडला. माणसं आली आणि घंटा काढून घेऊन गेली. मला वाटलं, आता निवांत लिहील. कुठलं काय! नव्या कादंबरीतला कॅप्टन रोझामंडला लग्नाचं विचारून तिच्यापुढे गुडघे टेकून बसला होता. पानगळ सरली, नाताळचं पुडिंग संपलं, तरी कॅप्टन तसाच. एव्हरार्ड खिडकीशी बसून पार्लमेंटच्या मनोऱ्याकडे बघत राहायचा. धड जेवायचा नाही, भांडायचासुद्धा नाही. माझा भाऊ डोळ्यांदेखत विझत चालला होता आणि मला फार भीती वाटत होती.

"त्या बिचाऱ्याचे गुडघे धरले असतील रे," मी एकदा म्हटलं.

"निवांतपणात सुचत नाही, हेस्टर. कुणी उठवणारच नसेल, तर लिहायला बसायचं तरी कशाला?"

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी जेवायला बोलवायची पितळी घंटा उचलली आणि त्याच्या दाराबाहेर बडव बडव बडवली. आमची स्वयंपाकीण मिसेस पॉकेट पिठाच्या हातांनी धावत आली.

"बाईसाहेब, आग लागली का काय?"

आत खुर्ची सरकली. एव्हरार्ड हॅट घालूनच बाहेर आला. त्यानं घंटेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मतदान कशावर आहे?"

"कॅप्टनच्या गुडघ्यांवर."

तो इतका हसला की हॅट खाली पडली. मग आत जाऊन लिहायला बसला. त्या दिवसापासून मी रोज घंटा वाजवायचे. तो हॅट घालून दिवाणखान्यात फेरी मारायचा, "सरकार वाचलं बरं का!" म्हणायचा आणि पुन्हा टेबलाशी बसायचा.

वसंतात त्याला खोकल्यानं धरलं. एका दुपारी मी घंटा उचलली, तर अंथरुणातून म्हणाला, "आज नको वाजवूस. आज मला कुठंच जायचं नाही."

त्यानं शेवटचं प्रकरण न थांबता वाचून दाखवलं. रोझामंड हो म्हणाली. कॅप्टन उठला. दोघं बहीणभाऊ आम्ही पोटभर रडलो. त्याच आठवड्यात एव्हरार्ड गेला.

आता शेजारच्या घरात एक नवा खासदार राहायला आलाय. भिंतीपलीकडे त्याची घंटा वाजते, आणि मी अजूनही खुंटीवरून एव्हरार्डची हॅट काढून दाराशी जाऊन उभी राहते.