जे. ब्राऊन कोण होता

माझा नवरा किरकिर शोधण्याचा पगार घेतो. हे मी चिडून म्हणत नाही, ती त्याची नोकरीच आहे. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या एका गाड्यांच्या कंपनीत नव्या मॉडेलचा डॅशबोर्ड कुठे कुरकुरतो, सीट कुठे करकरते हे कान देऊन ऐकायचं, कारण शोधायचं आणि आवाज बंद कसा करायचा ते लिहून पाठवायचं. दुर्दैवानं हे काम तो ऑफिसात ठेवून येत नाही. कुणाकडे जेवायला गेलो की काकू प्रेमानं वाढत असतात आणि रवी मान तिरपी करून त्यांच्या फ्रिजकडे बघत असतो. इथल्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात तर अध्यक्षांचं भाषण संपल्याबरोबर त्यानं जाऊन त्यांना सांगितलं, की स्टेजची उजवीकडची फळी सैल आहे. भाषणाबद्दल एक शब्द नाही.

अशा माणसाला जॅझचा नाद लागला. ऑफिसातल्या कुणीतरी लावला. त्यातही त्याला नवं काही नको, पन्नास वर्षांपूर्वीच्याच रेकॉर्डी हव्यात, आणि त्याही एकदा घेऊन भागत नाही. आधी जुनी काळी तबकडी, मग तिची सीडी, मग मूळ टेपवरून पुन्हा साफ करून काढलेली नवी, जास्त स्वच्छ आवाजाची डिस्क. एकच गाणं तीनदा विकत घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

‘संडे कोट’ हा अल्बम त्यानं असाच तिसऱ्यांदा आणला. साल २००४, थंडी नुकती सुरू झालेली. पियानोवर वॉल्टर पेटिस, सोबत सॅक्सोफोन, ड्रम आणि बास, म्हणजे ते माणसाहून उंच, उभं राहून वाजवायचं तंतुवाद्य. पन्नासच्या दशकात डेट्रॉइटमधल्या एका हॉलमध्ये रेकॉर्ड केलेला. ओहायोतल्या एका छोट्या कंपनीनं मूळ टेप शोधून तो नव्यानं काढला होता. मी तेव्हा डिपेंडंट व्हिसावर होते, म्हणजे नोकरीला बंदी. नागपूरला कॉलेजात फिजिक्स शिकवणारी बाई इथे दिवसभर घरी. त्यामुळे रवीची थट्टा करायला आणि त्याच्या भानगडीत नाक खुपसायला मला भरपूर वेळ होता.

डिस्क सुरू झाली आणि मी थट्टा विसरले, हे कबूल केलं पाहिजे. जुन्या तबकडीवर सगळं एका गोधडीखालून ऐकू यायचं. इथे गोधडी निघाली होती. पियानोवाल्याचा श्वास कळत होता. ड्रमवर घासणाऱ्या ब्रशाच्या तारा कळत होत्या. आणि मधेच, बास एकटा वाजत असताना, एक बारीक आवाज आला. क्रीक.

रवीनं कान टवकारले. ‘‘ऐकलंस?’’

‘‘नाही कसं ऐकणार? तुझ्यासोबत राहते ना मी.’’

त्यानं तो तुकडा परत लावला, परत लावला, आणि मग त्याच्या हातून तेच झालं जे त्याच्या जातकुळीच्या इंजिनिअरच्या हातून होतं. कंपनीला ईमेल लिहिली. तुमच्या डिस्कवर अमुक ठिकाणी अमुक फ्रीक्वेन्सीची किरकिर आहे, बहुधा स्टूल किंवा लाकडी फ्लोअर, ती अशी अशी काढता येईल. आलेख जोडला. दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या मालकाचं, हँक नावाच्या गृहस्थाचं, आभाराचं उत्तर आलं. दुसऱ्या आवृत्तीचं काम चालूच आहे, तुमच्या पद्धतीनं आवाज काढून टाकतो. रवी दिवसभर खुशीत होता.

त्या शनिवारी त्यानं ती डिस्क मला पुन्हा ऐकवायला घेतली आणि दारावर टकटक झाली. समोरच्या अपार्टमेंटमधल्या मिस डोरथी. शाळेतून रिटायर झालेल्या, पांढऱ्या केसांच्या, ताठ चालणाऱ्या कृष्णवर्णीय बाई. त्यांचा केक आमच्याकडे यायचा, आमचे पोहे त्यांच्याकडे जायचे, एवढी ओळख. मला वाटलं, आवाजाची तक्रार.

‘‘ही रेकॉर्ड कुठे मिळाली तुम्हाला?’’ त्यांनी विचारलं. ‘‘बास वाजवणारा माझा भाऊ आहे.’’

आम्ही त्यांना सोफ्यावर बसवलं. रवीनं डिस्कसोबतची पुस्तिका पुढे केली. स्वभावच तो, आधी पुरावा. त्यात छापलं होतं: बास – जे. ब्राऊन.

‘‘जे. ब्राऊन नावाचा कुणी नव्हताच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझ्या भावाचं, एलिसचं, दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीशी कॉन्ट्रॅक्ट होतं. इकडे वाजवलं हे कळलं असतं तर ते तुटलं असतं. म्हणून खोटं नाव. तेव्हा सगळे असंच करायचे. ते कॉन्ट्रॅक्ट कधीच संपलं, ती कंपनीही बुडाली. दुसरी रेकॉर्ड निघायच्या आत एलिसही गेला. त्यानं वाजवलेलं एवढंच शिल्लक आहे आणि ते ब्राऊनच्या नावावर. मी किती जणांना सांगितलं. सगळे म्हणतात, बाई, बहिणी असं म्हणतातच.’’

पुस्तिकेत आणखी एक दिवा लावलेला होता. ‘ब्राऊन हे टोपणनाव असावं, वादक बहुधा शिकागोचा लिऑन ड्रेक.’ त्या ओळीवर मिस डोरथींनी बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

माझं डोकं फिरलं. माणसानं वाजवायचं आणि नाव दुसऱ्याचं लागायचं, वर तज्ज्ञांनी तिसराच शोधून काढायचा. मी म्हटलं, ‘‘रवी, लिही त्या हँकला.’’

‘‘अगं, काय लिहू? प्रूफ काय आहे?’’

तेवढ्यात बासचा एकट्याचा भाग आला. मिस डोरथी मान खाली घालून ऐकत होत्या. क्रीक झालं. त्यांनी झटकन मान वर केली. दुसऱ्यांदा झालं तसा त्यांचा हात तोंडावर गेला आणि डोळे वाहायला लागले.

‘‘त्या दिवशी तेल घातलं नव्हतं,’’ त्या म्हणाल्या.

एलिसला लहानपणी पोलिओ झाला होता. डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, घोट्यापाशी बिजागरी. तो उभा राहून बास वाजवायचा, आणि वाजवायला जायच्या आधी बहीण बिजागरीत शिवणयंत्राचं तेल घालायची. रेकॉर्डिंगला त्याला अचानक बोलावणं आलं, ती तेव्हा शाळेत शिकवत होती. जुन्या तबकडीच्या खरखरीत तो आवाज तिलाही कधी ऐकू आला नव्हता.

मी रवीकडे बघितलं. तो पांढराफटक पडला होता. एलिसची एकुलती एक खूण त्यानं आपल्या हातानं, आलेखासकट, पुसायला सांगितली होती.

हँकला फोन लागला. तो भला माणूस होता, पण धंद्याचा. म्हणाला, आवाज काढायचं तात्पुरतं थांबवतो, पण किरकिर आहे म्हणून नाव बदलता येत नाही. ती स्टुलाची असेल, तुम्हीच लिहिलंय ना? आठवड्याभरात दुसरी आवृत्ती छपाईला जाते, तोवर काही ठोस असेल तर सांगा.

‘‘लिहून टाक, पायाचीच आहे म्हणून,’’ मी म्हटलं.

‘‘मला माहीत नाहीये ते, यार. मला वाटतंय. वाटणं वेगळं.’’

‘‘बाई रडली आपल्या सोफ्यावर!’’

‘‘म्हणूनच. मी चुकीचं लिहिलं तर तिला परत सगळे खोटं पाडतील.’’

मला राग आला, पण त्याचं म्हणणं बरोबर होतं. मग आम्ही दोघं कामाला लागलो, आणि खरं सांगते, नागपूर सोडल्यापासून मला इतकी मजा कधी आली नव्हती. तो आवाज ड्रमच्या पॅडलचा नाही, कारण ड्रम थांबल्यावरही येतो. पियानोच्या स्टुलाचा नाही, कारण पियानोही तेव्हा गप्प असतो. मग फळीचा? फळी असती तर कुणीही हललं की वाजली असती. हा आवाज मात्र फक्त बासच्या मागे लागलेला. पण कधी येतो आणि कधी येत नाही? मी तुकडा तुकडा ऐकत राहिले. पातेल्यात वरण करपलं तरी ऐकत राहिले.

‘‘वरच्या सुरांच्या आधी येतो,’’ मी एकदम म्हटलं. ‘‘बास खाली असताना नाही. वर चढायच्या ऐन आधी.’’

‘‘का पण?’’

ते मला माहीत नव्हतं. आम्ही मिस डोरथींना बोलावलं. त्यांनी आमचा उभा झाडू रवीच्या हातात दिला आणि त्याला खोलीच्या मधोमध उभं केलं. हा बास. डावा हात वर, मानेपाशी, तिथे खालचे सूर. आता वरचे सूर हवेत तर हात खाली, खाली, आणखी खाली. रवी झाडूला मिठी मारून पुढे झुकला.

‘‘बघ,’’ त्या म्हणाल्या, ‘‘सगळं वजन पावलांवर आलं की नाही?’’

झुकला की घोटा वळतो. घोटा वळला की बिजागरी वाजते. त्यानंतर सूर. मी टाळ्या वाजवल्या. रवीनं मात्र झाडू धरूनच प्रत्येक क्रीकची वेळ आणि त्यामागून येणारा सूर पुन्हा तपासून घेतला. एकही क्रीक चुकीच्या जागी नव्हती. आणि तो लिऑन ड्रेक? तो आधी टॅप डान्सर होता, दोन्ही पायांनी धडधाकट, असं पुस्तिकेतच छापलेलं होतं. वाचणाऱ्यांनी ते वाचलं होतं, फक्त ऐकलं नव्हतं.

रवीनं आयुष्यातली सगळ्यात छोटी ईमेल लिहिली. हा आवाज बास वाजवणाऱ्याच्या अंगावरच्या लोखंडी बिजागरीचा आहे, असं मी खात्रीनं सांगतो. सोबत मिस डोरथींकडचा फोटो: एलिस बासला टेकून उभा, पँटच्या खाली बुटाला जोडलेल्या पट्ट्या स्पष्ट.

हँकचा फोन आला तेव्हा आम्ही तिघं एकत्रच होतो, रवीनं तो स्पीकरवर टाकला. तो नुसता उड्या मारत होता. नाव छापणारच. एवढंच नाही, त्याला आता किरकिर काढायचीच नव्हती. उलट ती ठेवायची, फोटो मुखपृष्ठावर घ्यायचा, पुस्तिकेत सगळी हकिकत द्यायची. लोखंडी पायाचा बासवाला. लोक वेडे होतील ऐकायला, म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. एलिसची खूण वाचली होती. मी मिस डोरथींचा हात धरला.

त्यांनी तो हलकेच सोडवून घेतला आणि फोनकडे वाकून म्हणाल्या, ‘‘नको. आवाज काढून टाका.’’

‘‘मिस डोरथी!’’ मी ओरडलेच. ‘‘तोच तर पुरावा आहे.’’

‘‘पुराव्याचं काम झालं, हनी. तुम्हाला माहीत आहे का, तो प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी दोनदा विचारायचा, तेल घातलंस ना? लोक आधी पाय बघायचे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी व्हायचं. मग तो कितीही चांगला वाजवो, ते पायासकट ऐकायचे. बिचारा असून किती छान, असं. या रेकॉर्डवर त्याला कुणी बघत नाही. इथे तो नुसता बास आहे. नाव छापा आणि वाद्य छापा. बाकी काही नको.’’

मला तो चेहरा माहीत होता. मंडळात नवीन कुणी भेटलं की गप्पा छान चालतात, मग ‘आडनाव काय तुमचं, मूळचे कुठले’ येतं, मी मेश्राम सांगते, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. त्यानंतर मी फिजिक्सबद्दल काहीही बोलले तरी ते आडनावासकट ऐकलं जातं. मी आडनाव लपवत नाही, लपवणारही नाही. पण तो चेहरा नको असणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आणि तरी मीच एलिसचा पाय मुखपृष्ठावर लावायला निघाले होते. मला स्वतःची लाज वाटली.

‘‘साफ करा,’’ रवी फोनमध्ये म्हणाला. ‘‘मी पाठवलेल्या मेथडनंच करा. बासला धक्का लागणार नाही.’’

दुसरी आवृत्ती हिवाळा संपता संपता आली. मिस डोरथींनी पुस्तिका उघडली आणि बराच वेळ एकाच ओळीकडे बघत राहिल्या: बास – एलिस व्हिटफिल्ड. फोटो नव्हता, गोष्ट नव्हती. रवीनं डिस्क लावली. बासचा एकट्याचा भाग आला, आणि जिथे जिथे क्रीक व्हायचं तिथे सूर सरळ वर चढत गेला. कुठे अडखळ नाही, कुठे ओरखडा नाही. इतका देखणा वाजला तो. मिस डोरथींच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

निघताना मी नवी डिस्क त्यांच्या हातात दिली. त्या दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

‘‘ती पहिली कुठे आहे? ब्राऊनवाली?’’

रवीनं शेल्फवरून काढून दिली. ‘‘हिच्यावर तो आवाज आहे अजून,’’ तो जरा अपराधी स्वरात म्हणाला.

‘‘म्हणूनच मागतेय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नवी सगळ्यांना ऐकवीन. ही एकटीनं ऐकीन.’’

माझ्या तोंडावर प्रश्न असणार.

‘‘तो वाजवून घरी यायचा ना,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तेव्हा दिवसभराचं तेल संपलेलं असायचं. मी आत झोपलेली असायची. जिन्यात हाच आवाज यायचा, आणि मग मी उठून त्याचं जेवण गरम करायला ठेवायची.’’