होकायंत्राची सुई आणि गेडेऑनचे बूट

विल्मामावशीच्या मिरच्यांचा वाफा त्या सकाळी पार तुडवला गेला. टिसा नदीकाठचं निम्मं गाव कुंपणाच्या आत, उरलेलं कुंपणावर. मधोमध लाकडी तिवईवर होकायंत्र आणि शेजारी बोडोर गेडेऑन. हा म्हणे तालतोश, म्हणजे जन्मजात मांत्रिक! जन्मतःच तोंडात दात घेऊन आलेला, जमिनीशी बोलणारा. दात घेऊन आलेल्या पोरानं फार तर आईला चावावं. जमिनीशी कसलं बोलणं? पण विचारणार कोण!

गेडेऑननं डोळे मिटून पाय आपटला. सुई गर्रकन फिरली.

"फिरली गं बाई, फिरली!"

"जमीन जागी झाली!" गेडेऑन गरजला. "खाली विजेची नदी आहे. अनवाणी बसा, दुखणं गेलंच समजा. माझं नका ऐकू, या शास्त्रज्ञ बाईंना विचारा. त्यांनी आपलं यंत्र नेमकं इथंच का पुरलं?"

सगळ्या माना पिरोश्काकडे वळल्या. जमिनीची चुंबकीय थरथर टिपणारं ते यंत्र तिनंच महिन्यापूर्वी वाफ्यात पुरलं होतं. त्या थरथरीवरून खोल गाळाखाली वीज कुठं सहज वाहते, याचा नकाशा ती करत होती. खानावळीत माशांचं कालवण खाता खाता तीच बोलून गेली होती, खाली खारं पाणी आहे, त्यातून वीज छान जाते. तेवढंच वाक्य या भामट्यानं उचललं. आणि आता वाफ्यात अनवाणी बसलेल्या विल्मामावशीनं तीन दिवस इन्सुलिन घेतलं नव्हतं. आज तिची साखर धोक्याच्या पार वर गेली होती.

"मावशी, ती वीज इतकी मंद की डाससुद्धा मरणार नाही. उठा, इंजेक्शन घ्या."

"पोरी, टोचून टोचून पोटाची चाळण झालीय माझ्या," मावशी कळवळून म्हणाली. "होऊ दे की मला बरं!"

"तुम्हा शहरवाल्यांना आमचं चांगलं बघवत नाही!" केलेमेन खाटीक ओरडला. "जा परत!"

"नाही जाणार," पिरोश्का म्हणाली. तिनं मांडीवर संगणक उघडला. "काल याच जागी यानं किती वेळा पाय आपटला?"

"तीनदा!"

"ही यंत्राची कालची रेघ. तीन उड्या."

"बघा! यंत्रसुद्धा साक्ष देतंय!" गेडेऑननं हात उंचावले. टाळ्या पडल्या.

"थांबा. वीस किलोमीटरवर माझं दुसरं यंत्र आहे. खरी थरथर वरून, आकाशातून येते. ती दोन्हीकडे एकदमच दिसते. हे हेलकावे बघा, सारखेच. पण उड्या? तिकडं एकही नाही. म्हणजे हललं ते खोल जमिनीत नाही, यंत्रापासून चार पावलांवर. मावशी, या वाफ्यात यायचा माझा नियम काय?"

"लोखंड बाहेर ठेवायचं. मी तर किल्ल्याही दारात काढून येते."

"मग यांना बूट काढायला सांगा."

गेडेऑन मागं सरकला. "तालतोश बूट काढत नसतो! शक्ती निघून जाते!"

विल्मामावशीनं आपल्या अनवाणी पायांकडं आणि त्याच्या बुटांकडं पाहिलं. मग म्हणाली, "मेल्या, मला तीन दिवस अनवाणी बसवलंस, आणि तू बुटात? केलेमेन, काढ रे याचे बूट!"

केलेमेननं क्षणभर पिरोश्काकडं पाहिलं, मग गेडेऑनला धरून खाली बसवलं. उजवा बूट ओढून कुंपणाबाहेर टाकला, तो तिथं ठेवलेल्या कुदळीला खट्कन चिकटला. टाचेच्या पोटात काडेपेटीएवढं चुंबक होतं. पिरोश्कानं बूट तिवईखाली नेला. ना मंत्र, ना गर्जना. सुई गर्रकन फिरली.

कोणी हसलं नाही. लोकांना लाज वाटत होती. केलेमेन मान खाली घालून मोडलेली मिरचीची रोपं उभी करू लागला.

"पोरी, खाली वीज आहे हे तरी खरं ना?" मावशीनं विचारलं.

"खरं आहे."

"आणि माझ्या साखरेला तिचा उपयोग?"

"काडीचाही नाही."

मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली. "ऐकलंत ना सगळ्यांनी? पुढं कोणी चमत्कार घेऊन आला, तर पाया पडायच्या आधी त्याचे बूट काढायला लावा. चिडला, तर समजून जा. चल पोरी, फ्रीजमधलं इंजेक्शन काढ."