पाचवं वाक्य

पेनाचं टोपण चावून चावून चपटं झालेलं... एवढी एम.ए.ला गेलेली पोर, आणि अजून टोपणं चावते. तुळजाबाई त्या टोपणाकडे बघत राहिल्या, आणि नातीनं, हेमालीनं, पाचवं वाक्य वाचलं.

"'आयुष्य पुन्हा जगायला मिळालं तर मी वेगळं काही मागणार नाही.' आजी, एक ते सात. एक म्हणजे अजिबात पटत नाही, सात म्हणजे अगदी पटतं."

"मागच्या म्हैन्यात इचारलंस की."

"तेच तर! माणूस तेच, वाक्यं तीच. उत्तरं जुळली तर आमचं माप भरवशाचं."

तेव्हा त्यांनी पाचही वाक्यांना सात म्हटलं होतं. बाळाराम समोर जेवत होता. मुलाच्या ताटात भात वाढता वाढता आई कमी कसं सांगणार? आज तो कशेळीच्या गोदामावर, घरात दोघीच, लाईट गेलेली, शेजारच्या कापड-कारखान्यातले लूमही गप्प — आणि त्या शांततेत माहेरची सीताआत्या आठवली. लग्नाच्या मांडवात धवले गाणारी. तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नसे. माझ्यामागे हा गळा तुळजाचा, असं ती चारचौघांत सांगायची. आणि लग्न होऊन इथे शेलार गावात आल्यावर पहिल्याच हळदीला सासरे ओटीवरून बोलले, आमची सून दुसऱ्याच्या मांडवात गानार न्हाय... मी पदर तोंडाशी धरला. राग आला नाही. राग यायला किती वर्षं लागली, तेही आता आठवत नाही. बाकी काय कमी होतं? नवरा भला, घर भरलेलं...

एक. अगदी ओठांशी आलं. पण जिभेला सवय नव्हती — खळ्यावर भात मापताना पहिल्या पायलीला एक कुणी म्हणत नसे, लाभ म्हणायचं, मग दोन, मग तीन. उभा जन्म भात मापण्यात गेला, एक कधी म्हटलंच नाही.

"लाभ," त्या म्हणाल्या.

"अगं आजी, लाभ कुठल्या चौकटीत लिहू? हसतील मला कॉलेजात."

"एक गं. एक लिव."

हेमालीचं पेन थांबलं. "सातचा एकदम एक? माझा अभ्यास बुडवतेस की काय!"

"तवा तुजा बापूस जेवत होता."

हेमाली खळखळून हसली, आणि मधेच थांबली. "मग खरं कोणतं?"

खरं... तेव्हाही मी खोटं बोलले नव्हते. लेक पोटभर जेवत होता, त्या घडीला सातच होतं. आत्ताचंही खोटं नाही. वेगळं मागितलं असतं, तर हा लेक असता? समोर पेन धरून बसलेली ही पोर असती? आणि नसती, म्हणून मागूच नये...?

"सांग ना आजी. दोन्ही नाही लिहिता येत."

आजवर विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला त्यांनी झटकन उत्तर दिलं होतं — पाहुणे किती, तांदूळ किती, बरी आहेस ना... विचारणारं माणूस खोळंबून बसलंय आणि उत्तर आपल्यापाशी आहे, असं कधी झालंच नव्हतं. तुळजाबाईंनी भिंतीला पाठ टेकली, पाय सैल सोडले. घाई हेमालीला होती.