शिडी, भिंगरी आणि बारा नावांची यादी

मी एक जुना बास्केटबॉल आहे. माझा मूळचा रंग नारिंगी होता, हे आता सांगूनही कुणाला पटणार नाही. अंगावरचे बारीक दाणे झिजून मी गुळगुळीत झालो आहे आणि हवा भरली तरी दोन दिवसांत मऊ पडतो. मित्रांनो, जुन्या वस्तू आपल्या आठवणी गोड करून सांगतात. मला ते जमणार नाही. मी जे पाहिले त्याचा मला राग आला होता आणि तो अजून उतरलेला नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात रबराचा फुगा आहे. त्याच्याभोवती दोरा गुंडाळला गेला, गुंडाळला गेला, इतका की मला वाटले आता हे थांबतच नाहीत. मग वरून कातडी चिकटवली. शेवटी एका कामगार बाईने मला ठरलेल्या उंचीवरून खाली सोडले, माझी उसळी पाहिली आणि "हं, चांगला आहे," एवढेच म्हणून मला खोक्यात टाकले. तेवढ्या दोन शब्दांवर मी बरेच दिवस खूश होतो.

एका क्रीडामंडळाने मला मुलींच्या संघासाठी विकत घेतले. सिमेंटचे कोर्ट, एका अंगाला पाण्याची टाकी, दुसऱ्या अंगाला छापखान्याची उंच भिंत. टाकीजवळच्या खोलीत लोखंडी पिंजरा होता, त्यात आम्ही आठ चेंडू राहत असू. मुलींना शिकवायला एक सर होते. त्यांची शिट्टी कर्कश होती, पण सुरुवातीला माणूस बरा होता.

मी आलो त्याच महिन्यात अकरा वर्षांच्या दोन मुली आल्या. एक शिंप्याची मुलगी. वयाच्या मानाने एवढी उंच की पहिल्याच दिवशी तिचे नाव शिडी पडले. उंचीची तिला इतकी लाज वाटे की ती कायम पोक काढून चालायची. दुसरी बुटकी, बडबडी, एका जागी उभी राहायची नाही. ती झाली भिंगरी.

शिडीच्या हातात मी टिकत नसे. ती मला पकडायला खाली वाकायची आणि मी तिच्या गुडघ्यावर आपटून पळायचो. मुली हसायच्या. भिंगरी हसली नाही. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ए शिडे, वाकतेस कशाला गं? हात वर ठेव. मी बरोब्बर तिथंच टाकते."

"आणि सुटला तर?"

"सुटला तर माझी चूक. तू फक्त वाकू नकोस."

त्या दिवसापासून मी भिंगरीच्या हातून निघालो की शिडीच्या कपाळासमोर, पसरलेल्या दहा बोटांत जाऊन बसायचो. रोज संध्याकाळी, शंभरदा, दोनशेदा. सहा महिन्यांत शिडीचा पोक गेला. मित्रांनो, त्या मुलीला ताठ उभे राहायला कुणा मोठ्या माणसाने शिकवले नाही. एका बुटक्या मुलीच्या पासने शिकवले.

पुढे भिंगरीने दुसरे खूळ काढले. "आज उलटं. तू टप्पे टाकत चेंडू पुढं आण, मी बास्केटखाली उभी राहते." शिडी आधी घाबरली. मी तिच्या पायावर आपटलो, बाहेर गेलो, टाकीखाली गेलो. पण हळूहळू तिच्या तळव्याला माझी उसळी कळू लागली. तेवढ्यात सरांची शिट्टी वाजली.

"उंच मुलीनं ड्रिबल करत बसायचं नाही. तुझं काम बास्केटखाली. उभी राहा, हात वर, आणि टाक."

"पण सर, तिला जमायला लागलंय," भिंगरी म्हणाली.

"तुला विचारलं?"

झाले. शिडी पुन्हा बास्केटखाली जाऊन उभी राहिली. तरीही पुढची दीड-दोन वर्षे त्या दोघी मजेत खेळल्या. कोर्टाबाहेर उभी असलेली माणसे म्हणायची, "काय खेळते ती उंच पोरगी!" भिंगरीचे नाव कुणी घेत नसे. तिला त्याचे काही वाटतही नसे. मला मात्र वाटायचे.

मुली तेरा वर्षांच्या झाल्या त्या वर्षी मंडळाला चषक हवा झाला. अध्यक्ष एके दिवशी कोर्टावर आले आणि सरांना म्हणाले, "इतकी वर्षं शिकवताय, कपाटात एक तरी कप आहे का?" पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या मंडळातून एक मुलगी आणली गेली. दणकट खांदे, लांबून नेम धरून टाकायची. तिला सगळे तोफ म्हणू लागले.

मग खोलीच्या दारावर यादी चिकटली. बारा नावे. मी पिंजऱ्याच्या जाळीतून सगळे पाहत होतो. मुलींचा घोळका झाला. भिंगरीने यादीवरून बोट फिरवले. पुन्हा फिरवले. मग सर एकटे असताना ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, माझं काय चुकलं?"

"काही चुकलं नाही तुझं. उंची कमी पडते."

"उंची येईल की, सर."

"आली की ये."

मित्रांनो, ही तीन शब्दांची वाक्ये किती सहज बोलली जातात! उंची म्हणजे काय बाजारातून आणायची भाजी आहे? तेरा वर्षांची मुलगी ती. तिची हाडेसुद्धा अजून ठरवत होती कुठवर जायचे, आणि सरांनी आधीच ठरवून टाकले. भिंगरी रडली नाही. तिने बाटली उचलली, चप्पल घातली आणि फाटकातून निघून गेली. शिडी तिच्यामागे दोन पावले गेली, तोच शिट्टी वाजली.

त्या मोसमात सामन्याचा चेंडू मीच होतो, म्हणून मी जे सांगतो ते ऐकीव नाही. सरांनी सगळ्यांना बजावले होते, "चेंडू मिळाला की तोफेला द्या. बाकीचं ती बघेल." मी तोफेकडे जायचो आणि तिथेच राहायचो. ती टाकायची. मी बास्केटमध्ये पडायचो. चुकायचो. पुन्हा तीच टाकायची. शिडी बास्केटखाली हात वर करून उभी असायची, अगदी शिकवल्यासारखी. तिच्याकडे मी कधीमधी आलोच, तर तोफेला तिघींनी घेरल्यावर, घाईघाईने, घोट्याशी. ते कसे पकडणार? एका पूर्ण सामन्यात शिडीच्या हाताला मी चार वेळा लागलो. मी मोजले आहे. त्यातल्या एकदा तर ती मला कोर्टाबाहेरून उचलून आणत होती.

ती पुन्हा वाकू लागली. आधी पास घ्यायला, मग उगाचच.

आणि बाहेर उभी असलेली तीच माणसे म्हणू लागली, "हिला काय झालं? गेल्या वर्षी काय खेळायची!" सर म्हणाले, "पोरगी मंद झालीय. लक्ष नाही तिचं."

मंद! अहो, मला विचारा ना! चेंडू तिच्यापर्यंत पोचतो तरी का, हे चेंडूला कुणी विचारले नाही. शिडीचे हात तेच होते, पाय तेच होते. तिच्या शेजारची मुलगी बदलली होती. पण ते कुणाला दिसले नाही, कारण चषक आला! अध्यक्षांनी पेढ्यासारखे हसू वाटले. फोटो निघाला. तोफ मध्ये, मी तिच्या मांडीवर, शिडी मागच्या रांगेत अर्धी झाकलेली. "लकी बॉल आहे हा," म्हणत सर्वांनी मला थोपटले. आयुष्यात एवढे कौतुक मला आधी कधी मिळाले नव्हते, आणि त्याची एवढी शरमही कधी वाटली नव्हती.

पुढच्या दोन वर्षांत बाकीच्या मुली उंच झाल्या. शिडी होती तिथेच थांबली. आता ती चौघींसारखीच होती, आणि बास्केटखाली उभे राहण्यापलीकडे तिला काही शिकवलेले नव्हते. दारावर नवी यादी लागली. त्यात तिचे नाव नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. गळ्यात मोजपट्टी तशीच होती, दुकान उघडे टाकून आले असावेत. भांडखोर माणूस नव्हता तो. हळू बोलला, पण प्रत्येक शब्द मला ऐकू आला.

"सर, मी लहान मुलांचे कपडे शिवतो. गिऱ्हाईक म्हणतं, आजच्या मापाचं शिवा, झकास दिसलं पाहिजे. तरी मी शिवणीत माया ठेवतो, आत दुमडलेलं जादा कापड. पोर वाढणार असतं ना. माया ठेवली नाही तर वर्षभरात कपडा उसवतो, आणि लोक पोराला नावं ठेवत नाहीत, शिंप्याला ठेवतात."

"अहो, खेळात असं नसतं. जागा बाराच असतात," सर म्हणाले.

"जागा बारा असू देत. माझ्या मुलीला चार वर्षांत तुम्ही एकच माप घातलंत. मायेला जागाच ठेवली नाहीत."

सर घड्याळ पाहू लागले. शिडी खाली मान घालून उभी होती. दाराशी एक पोते होते, सरावाच्या फुटक्या शंकूंचे आणि जुन्या चेंडूंचे. त्यात मीही होतो, कारण चषकाचा चेंडू असलो तरी आता मी घसरत होतो. तिने मला पाहिले.

"सर, हा घेऊ?"

"घे, घे. टाकाऊच आहे."

शब्द माझ्यासाठी होता. लागला तिला.

तीन महिने मी शिंप्याच्या दुकानात शिलाई मशीनखाली चिंध्यांत पडून होतो. शिडी काजे-बटणे करायला बसायची, पण माझ्याकडे पाहायची नाही. एके दुपारी शाळेच्या गणवेशाचे माप द्यायला एक मुलगी आली आणि आल्या आल्या तिची टकळी सुरू झाली. भिंगरी! शिडीच्या वडिलांनी पट्टी लावली आणि म्हणाले, "अगं, चांगली वीतभर वाढलीस की!"

भिंगरीने वाकून मशीनखाली पाहिले. "हा इथं कसा? खेळत नाहीस?"

"नाही. मला येत नाही," शिडी म्हणाली.

"येत नाही? मी दिलेला एक तरी पास सोडला होतास का तू?"

मित्रांनो, 'मला येत नाही' हे तिचे स्वतःचे मत नव्हते. दोन वर्षे एकेक दिवस करून ते तिच्यात भरले गेले होते, माझ्यात पंपाने हवा भरावी तसे. फरक एवढाच की हवा मला खेळवते.

भिंगरीने मला काखोटीला मारले आणि शिडीला हाताला धरून ओढले. बंद पडलेल्या गोदामाच्या आवारात एक गंजकी रिंग होती. तिथे ती रोज खेळायची, गल्लीतल्या मिळतील त्या पोरी घेऊन. तिचा नियम एकच होता : सगळ्यांच्या हाताला चेंडू लागल्याशिवाय कुणी बास्केटमध्ये टाकायचा नाही. पहिले कित्येक दिवस शिडीच्या तळव्याखालून मी निसटत राहिलो. ती ओठ चावून मला आणायला धावायची. कुणी हसले नाही.

काही आठवड्यांनी फाटकाशी आणखी एक मुलगी येऊन उभी राहिली. गुडघ्याला पट्टा बांधलेला. तोफ होती. शिडीचा चेहरा कठीण झाला.

"डॉक्टर म्हणाले, लांबून उड्या मारायच्या नाहीत वर्षभर," तोफ म्हणाली. "सरांनी दुसरी आणली." मग गुडघ्याचा पट्टा घट्ट करत म्हणाली, "मला पास देता येत नाही गं. कधी द्यायलाच सांगितलं नाही कुणी. शिकवाल?"

मी इतकी वर्षे तिच्यावर चिडून होतो. त्या दिवशी कळले, तिच्या शिवणीतही कुणी माया ठेवली नव्हती.

शिडीने मला तोफेच्या हातात दिले आणि स्वतः मागे सरून दोन्ही हात वर केले. "इथं टाक," ती म्हणाली.

त्या वर्षाअखेर या पोरींनी एका खुल्या स्पर्धेत नाव दिले. खेळायला नवा चेंडू होता. मी बाकाखाली पिशवीत होतो, पण पिशवीचे तोंड उघडे होते. पहिल्याच फेरीत त्या हरल्या, सात गुणांनी. पण उत्तरार्धात एकदा शिडीने चेंडू घेतला आणि टप्पे टाकत, मान वर ठेवून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणला. दोघी आडव्या आल्या, तिने हात बदलला आणि भिंगरीला पास दिला. बास्केट!

सर दुसऱ्या संघाबरोबर आले होते. बाकाजवळ येऊन ते म्हणाले, "अरे वा, आपल्याकडे असताना हिला हे येत नव्हतं."

भिंगरी घाम पुसत म्हणाली, "येत होतं, सर. तुमची शिट्टी वाजली होती."

सर तिथून निघून गेले. त्यांना काही वाटले की नाही, ते मला माहीत नाही. शिडी पुढे फार मोठी खेळाडू झाली, असेही मी सांगणार नाही. गेलेली वर्षे परत मिळत नाहीत. ती खेळते आहे, आणि ताठ चालते.

मित्रांनो, मी आता कुणाच्या कामाचा नाही आणि त्याची मला खंत नाही. चेंडू झिजण्यासाठीच असतो. मुलगी झिजवण्यासाठी नसते. तुमच्यातले कुणी उद्या संघनायक होईल, कुणी शिक्षक होईल, कुणाच्या हातात यादी येईल. तेव्हा कपाटातल्या रिकाम्या जागेकडे पाहून नावे लिहू नका. आणि कुणी हात वर करून तुमच्याकडे पाहत उभी असेल, तर ती मंद आहे की हुशार हे ठरवण्याआधी तिला एकदा चेंडू द्या. घाईने घोट्याशी फेकू नका. तिच्या हातात नीट येईल असा द्या.