घुमटाखालची चकती

मी एक जुना पितळी रणगाडा आहे. घाबरू नका, मित्रांनो! माझी लांबी हातभरसुद्धा नाही आणि धुळीखेरीज मी आजवर कोणाशीही लढलेलो नाही.

मला घडवलं एका निवृत्त इंजिनियरने. बाल्कनीला काचा लावून त्यांनी तिथे धातू कातायचा छोटा लेथ बसवला होता. तोफा, विमानं, युद्धनौका, सगळं धातूचं आणि सगळं काटेकोर मापात. केसभर फरक पडला, तरी तयार भाग भंगाराच्या डब्यात जायचा.

"अहो, जेवण निवतंय," काकू, म्हणजे त्यांची बायको, हाक मारायची.

"अगं, पाव मिलिमीटर राहिलाय फक्त!"

"मग तोच वाढते ताटात!"

त्यांचा एकुलता एक मुलगा खऱ्या रणगाड्याचा चालक होता. लहानपणी हात लावेल ते मोडायचा, म्हणून बाबा त्याला लाडाने ठोंब्या म्हणत. एकदा सुट्टीवर आला तेव्हा तो म्हणाला, "बाबा, विमानं पुरे झाली. आता माझी गाडी करा की!" बाबांनी त्याच दुपारी कागद पसरला. मुलगा मापं सांगत होता, ते टिपून घेत होते. मित्रांनो, माझा जन्म त्या दुपारचा. त्यानंतर मी त्या घरात इतकं हसू ऐकलं नाही.

माझे पट्टे झाले, चाकं झाली, आणि एक दिवस निरोप आला. सरावात ठोंब्याच्या रणगाड्याने पेट घेतला होता. वरचे तिघे उड्या मारून सुटले. ठोंब्या खाली पुढच्या जागेवर होता. त्याच्या डोक्यावरचं झाकण उघडेना, कारण तोफेची नळी नेमकी त्यावर आली होती.

आठ महिने मी फडक्याखाली पडून होतो. मग बाबांनी मला पुन्हा हातात घेतलं. सगळ्यात शेवटी त्यांनी दोन मिलिमीटर जाडीची एक चकती कापली आणि तोफेची नळी असलेल्या माझ्या फिरत्या घुमटाखाली बसवली. घुमट उचलला गेला, त्याबरोबर नळीही. मग त्यांनी नळी समोर आणली आणि नखाने चालकाचं झाकण उचललं. ते सहज उघडलं. बाबा ते पुन्हापुन्हा उघडत राहिले आणि रडत राहिले.

एका प्रदर्शनात परीक्षकांनी मला भिंगाखाली धरलं. "साहेब, घुमट उंच झालाय. खऱ्या गाडीत नळी समोर असताना हे झाकण उघडत नाही. तुमच्यासारखा माणूस मापात चुकला?"

"माहीत आहे," एवढंच बाबा म्हणाले. हाताशी आलेलं पहिलं बक्षीस गेलं. माझ्या लेखी मात्र माझ्याइतका अचूक रणगाडा जगात दुसरा नव्हता.

वर्षं गेली. बाबांना विसरायला होऊ लागलं. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग घराचा रस्ता. हात मात्र काही विसरले नव्हते. परवा सकाळी त्यांनी मला कपाटातून काढलं, मोजपट्टी लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "दोन मिलिमीटर जास्त? हे कोणी केलं?" त्यांनी स्क्रू सोडवले, चकती काढली, घुमट खाली बसवला. मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने ओरडलो असतो. पण पितळेला कंठ कुठला?

काकू चहा घेऊन आल्या. बाबांनी मोठ्या उत्साहाने मला पुढे केलं. "बघ, केवढी चूक राहिली होती! आता अगदी खऱ्यासारखा झालाय. ठोंब्या सुट्टीवर आला की दाखवू त्याला."

काकूंनी माझ्या झाकणाला बोट लावलं. ते हललं नाही. टेबलावरची चकती त्यांनी उचलली आणि मुठीत आवळून धरली. खरं सांगितलं असतं, तर बाबांचा मुलगा त्या सकाळी पुन्हा मेला असता.

"हो," त्या म्हणाल्या, "दाखवू हं. चहा घ्या."

आता मी कपाटात आहे, अचूक मापाचा. चकती काकूंच्या पदराच्या गाठीत असते. मित्रांनो, मोठ्यांच्या कामात एखादी चूक दिसली, तर ती सुधारण्याआधी थोडं थांबा. आणि कधी या घरी आलात, मला पुसायला घेतलंत, तर माझी एवढी विनंती ऐका. नळी समोर ठेवू नका. जरा बाजूला फिरवा.

आत ठोंब्या आहे.