अस्वल सरळ बसलं

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. पण खडूची नव्हे, वायरीची. माझ्यावर पेन फिरवलं, की समोरच्या पडद्यावर रेघ उमटते. चित्रकार आत्याबाईंचं मनगट टेकून टेकून माझा एक कोपरा गुळगुळीत झाला आहे. काम करताना त्या गुणगुणतात:

रेघेतून पान गं, पानाआड रान,
रानातल्या अस्वलाचा हलला गं कान.

त्यांचं स्वतःचं पहिलं पुस्तक छापायला जायचं होतं. शेवटच्या पानावरचं अस्वल तेवढं अडून बसलं होतं. "काहीतरी चुकतंय, पण काय ते दिसत नाही," त्या आठ दिवस म्हणत होत्या. त्यातच संगणक चालवणारी, कंपनीची नवी प्रणाली आली आणि संगणक मला ओळखच दाखवेना! माझी रवानगी कपाटात झाली. आत्याबाई माऊसने चित्र काढू लागल्या, म्हणजे साबणाच्या वडीने सही करण्यातलाच प्रकार.

मग संगणक दुरुस्त करणारी त्यांची भाची आली.

"आत्या, पाटी ठणठणीत आहे. आपण प्रणालीच बदलू. मी आणलेली ही खुली आहे, जगभरची माणसं मिळून घडवतात. कुणीही घ्यावी."

"फुकट? मग गोम असणार!"

"एकच. तुझा जुना चित्रांचा प्रोग्राम हिच्यावर चालत नाही. नवा शिकावा लागेल. तोही असाच खुला."

"या वयात?"

"या वयात नवा चष्मा केलास ना?"

भाचीने नवी प्रणाली चढवली, माझी वायर जोडली आणि संगणकाने मला चटकन ओळखलं! माझा इवलासा दिवा लुकलुकला. आत्याबाईंनी पेन उचललं. जुन्या सवयीने त्यांचं बोट कळफलकावरच्या 'एम'वर पडलं आणि अख्खं चित्र डावीकडून उजवीकडे फिरलं.

"अगं बाई, मोडलं मी!"

"मोडलं नाहीस. इथे ते बटण आरसा दाखवतं. पुन्हा दाब, होईल सरळ."

पण आत्याबाई पडद्याला डोळे लावून बसल्या होत्या.

"थांब थांब! उलटं पाहिल्यावर दिसलं, हे अस्वल तर एका कुशीवर कललंय! हेच मला आठ दिवस सलत होतं!"

मग काय, माझ्यावरून पेन भरभर धावलं. अस्वल ऐटीत बसलं. संध्याकाळी छापखानेवाल्या काकांचा फोन आला, "शेवटचं पान बघून मी एकटाच हसतोय हो!" आत्याबाईंनी भाचीला धरून खोलीभर गिरकी घेतली.

मित्रांनो, जुनी वस्तू गप्प झाली म्हणून तिला संपली समजू नका. तिची बोली जाणणारं कुणीतरी असतं. आधी त्याला शोधा. अजूनही सांगितलं असतं, पण आत्याबाईंनी कोरं पान उघडलंय. हात आला बघा माझ्यावर!