सुक्या झाडाची पानं

फ्लेक्स आला आणि माझा धंदा मेला. पंचवीस वर्षं मी पुण्यात हाताने बोर्ड रंगवले. चौदा एप्रिलचे बॅनर, दुकानांच्या पाट्या, पुढाऱ्यांचे वाढदिवस. मशीनने तेच काम तासाभरात करून दाखवलं आणि मी कॅम्पात बद्रीनाथ शेठच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात फ्रेमा पुसायला लागलो.

तिथं ते चित्र विकायला आलं. सतराशे ऐंशीच्या आसपासचं, कुणा गोऱ्याने काढलेलं. काळा कडा, त्यावरून कोसळणारा धबधबा, आणि अगदी पाण्याला लागून एक वठलेलं झाड. एवढं पाणी शेजारी, आणि त्याच्या वाटणीला थेंब नाही. मला ते झाड ओळखीचं वाटलं.

गिऱ्हाईक खराडीच्या सॉफ्टवेअर कंपनीतले दिग्विजय साहेब. त्यांच्या वास्तुवाल्याने सांगितलं, घरात वाळकं झाड नको. दिवसभर कॉम्प्युटर चालवायचा आणि घरी येऊन झाडाला भ्यायचं.

शेठ म्हणाले, "बाबुराव, पानं फुटव त्याला."

"शेठ, दोनशे वर्षं झाली त्याला."

"मग आता फुटली तर काय बिघडलं?"

मी ब्रशने पानं फुटवली. नाही म्हणायची ऐपत नव्हती. संध्याकाळी चित्र साहेबांच्या फ्लॅटवर गेलं. दुसऱ्या दिवशी अकराला मुंबईच्या जाणकार मॅडम तपासणार, मग सौदा.

सकाळी वाघोलीच्या खोलीत दात घासताना माझा हात थांबला. बोर्ड झाला की खाली कोपऱ्यात पेंटरने नाव टाकायचं, ही आमच्या धंद्याची रीत. पुढचं गिऱ्हाईक त्यावरूनच येतं. हात विचारत बसत नाही.

"काय झालं हो?" माझ्या बायकोने, चंद्रभागाने विचारलं.

"मी त्या चित्रावर नाव टाकलं."

"मग? नेहमीच टाकता की."

तिला काय सांगणार? फसवणूक पकडली तर शेठ वकील आणेल. आमच्यासारख्याला चौकीत आधी कानाखाली बसते, मग नाव विचारतात. इथं तर नाव मीच लिहून ठेवलं होतं.

टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं घेऊन सहा आसनी रिक्षाने खराडी गाठली. गेटवर वॉचमनने वही पुढे केली. "नाव लिहा." मी लिहिलं आणि लिफ्टकडे धावलो.

वर हॉलमध्ये सौद्यासाठी आलेले शेठ एकटेच होते. साहेब आत फोनवर इंग्रजी झाडत होते. चित्र भिंतीवर, आणि उजव्या कोपऱ्यात वळणदार अक्षरांत 'बाबू आर्ट्स'. शेठचं लक्ष माझ्या नजरेमागोमाग तिथं गेलं. तोंड पांढरं पडलं.

"पूस. लवकर. मॅडम खाली आल्यात."

मी फडकं भिजवलं. "आणि पानं पकडली तर?"

"मी सांगेन, मला माहीत नाही कुणी केलं."

"कुणी केलं विचारलं की माझ्याकडेच बघाल ना?"

"ते नंतर बघू. नाव पूस आधी."

नाव पुसलं तरी अडकणार मीच होतो. पानंच गेली तर पकडणार काय? मी फडकं कोपऱ्यावर न नेता झाडावर ठेवलं. रंग ओलाच होता. एक फांदी उघडी पडली. शेठने मनगट धरलं. "वेडा झालास का?" मी दुसऱ्या हाताने पुसत राहिलो.

बेल वाजली. साहेबांनी दार उघडलं. मॅडम आत आल्या, चष्मा लावला, चित्राशी गेल्या. अर्धं झाड हिरवं, अर्धं वठलेलं. खाली माझं नाव.

"हे कोणी केलं?"

शेठचं बोट प्रश्नाआधीच माझ्याकडे वळलं होतं.

"पानं माझी," मी म्हणालो. "काढायला यांनी सांगितलं. साहेबांना सुकं झाड नको होतं."

मॅडमनी फक्त साहेबांकडे पाहिलं. साहेब मोबाइल उचलून बटणं दाबायला लागले. चौकीला लावताय की वास्तुवाल्याला, हे विचारायचं धाडस झालं नाही. मी फडकं पुन्हा भिजवलं आणि उरलेली पानं पुसायला लागलो.